विश्लेषण : ‘कच्च्या लिंबां’च्या संघाचा सिनेमा पन्नाशीत! ‘द बॅड न्यूज बेअर्स’ वऱ्हाडातल्या मैदानांना काय सांगतो?

गल्लीतल्या खेळात एखादे पोर फारच लहान किंवा फारच कच्चे असले, की त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून खेळायला घेतात. त्याने पळायचे, ओरडायचे, पण त्याचा ‘आऊट’ धरायचा नाही आणि त्याच्या धावाही मोजायच्या नाहीत. अशा १०-१२ कच्च्या लिंबांचाच एक संघ केला, त्याला खऱ्या स्पर्धेत उतरवले आणि प्रशिक्षक म्हणून एक आळशी, बिअरबाज माणूस दिला तर काय होईल? ‘द बॅड न्यूज बेअर्स’ या अमेरिकी विनोदी चित्रपटाने नेमके हेच दाखवले. ७ एप्रिल १९७६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला २०२६ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. बेसबॉलचा हा सिनेमा अमरावती-अकोल्यातल्या वाचकाने का पाहावा, मुलांच्या खेळाबद्दल तो कोणता प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाची विदर्भातली उत्तरे कोणती, याचा हा आढावा.

चित्रपटाची गोष्ट काय?

मॉरिस बटरमेकर हा एकेकाळी दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला बेसबॉलपटू. आता तो लॉस एंजलिस परिसरातल्या श्रीमंतांचे पोहण्याचे तलाव साफ करतो आणि दिवसभर बिअर पितो. कौशल्य कमी म्हणून काही मुलांना स्थानिक बाल-लीगमध्ये घेतले जात नाही. त्यांतल्या एकाचे वडील नगरसेवक आणि वकील असतात. ते लीगविरुद्ध दावा ठोकतात आणि तडजोड म्हणून वगळलेल्या मुलांचा एक नवा संघ तयार होतो. त्याचे नाव ‘बेअर्स’. या संघाला शिकवण्यासाठी नगरसेवक बटरमेकरला गुपचूप पैसे देतात.

संघ तरी कसा? एक मुलगा सतत खात असतो, एक आकडेवारीचा किडा आहे पण त्याला चेंडू झेलता येत नाही. दोन भावांना इंग्रजी येत नाही, ते फक्त स्पॅनिश बोलतात. एक बुटका मुलगा कुणाशीही मारामारीला तयार, तर ल्युपस नावाचा मुलगा इतका बुजरा, की त्याच्याकडे चेंडू येऊ नये अशी सगळ्यांचीच प्रार्थना असते. वऱ्हाडात ज्यांना कौतुकाने आणि वैतागानेही ‘पोट्टे’ म्हणतात, तशीच ही जमात. गणवेशासाठी प्रायोजक मिळतो तोही आरोपींना जामीन मिळवून देण्याचा धंदा करणारा. पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्धी ‘यांकीज’च्या २६ धावा होतात आणि बेअर्सना एकही गडी बाद करता येत नाही. बटरमेकर सामना तिथेच सोडून देतो.

पुढे तो दोन जण संघात आणतो. एक अमांडा, त्याच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी, जिला त्याने लहानपणी चेंडू फेकायला शिकवलेले असते. दुसरा केली लीक, मोटारसायकल उडवणारा आणि मैदानाभोवती उनाडक्या करणारा पोरगा. दोघांच्या बळावर संघ जिंकू लागतो आणि थेट अंतिम सामन्यात पोहोचतो.

बटरमेकरची भूमिका वॉल्टर मॅथाऊ यांनी केली. अमांडा झालेली टेटम ओनील तेव्हाच ऑस्कर विजेती होती. ‘पेपर मून’ या १९७३ च्या चित्रपटासाठी तिला वयाच्या दहाव्या वर्षी हा पुरस्कार मिळाला होता. दिग्दर्शक मायकल रिची, तर पटकथा अभिनेते बर्ट लँकेस्टर यांचे पुत्र बिल लँकेस्टर यांची. पार्श्वसंगीतासाठी जेरी फील्डिंग यांनी बिझे या फ्रेंच संगीतकाराच्या ‘कारमेन’ या १८७५ मधील ऑपेराच्या सुरावटी वापरल्या. पोरे चेंडूमागे धडपडताना वाजणाऱ्या या भारदस्त संगीतामुळेच निम्मे हसू येते. अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरचा व्यवसाय केला. १९७७ आणि १९७८ मध्ये त्याचे पुढचे भाग आले आणि २००५ मध्ये रिचर्ड लिंकलेटर यांनी तो नव्याने केला.

बेसबॉल माहीत नसेल तर?

फारसे अडत नाही. क्रिकेट आणि विटीदांडू खेळलेल्याला दहा मिनिटांत अंदाज येतो. एका बाजूला नऊ खेळाडू. मैदानाच्या एका कोपऱ्यात चौकोनी आकारात चार ‘बेस’ असतात. गोलंदाजासारखा ‘पिचर’ चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. फलंदाजाने तो टोलवून एकेक बेस गाठत पुन्हा मूळ जागी, म्हणजे ‘होम’ला परतायचे. परतला की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो. मोठ्यांच्या सामन्यात असे नऊ डाव असतात, मुलांच्या ‘लिटल लीग’मध्ये सहा. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधले अंतर ९० फूट, तर मुलांच्या मैदानात ६० फूट.

आपल्याकडे बेसबॉलपेक्षा शाळा-महाविद्यालयांना त्याचे भावंड अधिक ओळखीचे आहे, ते म्हणजे सॉफ्टबॉल. १८८७ मध्ये शिकागोत जन्मलेल्या या खेळात चेंडू मोठा असतो, तो हात खांद्याखालून फिरवून फेकला जातो आणि सामना सात डावांचा असतो. मैदान लहान लागते, हे शाळांच्या दृष्टीने सोयीचे. भारतात आंतरशालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या यादीत दोन्ही खेळ आहेत. बेसबॉलच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना १९८३ ची. तरीही सामान्य भारतीयाला हा खेळ ठाऊक झाला तो २००८ मधल्या एका शोधमोहिमेमुळे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना त्या मोहिमेतून निवडून अमेरिकेत नेण्यात आले आणि ‘पिट्सबर्ग पायरेट्स’ या संघाने त्यांना करारबद्ध केले. त्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपटही आला.

अमांडा संघात येणे त्या काळी इतके मोठे का होते?

आज मुलगी पिचर आहे याचे कुणाला विशेष वाटणार नाही. पण चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत हा वाद नुकताच न्यायालयातून बाहेर आला होता. ‘लिटल लीग’ची सुरुवात १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी केली. तिचे दार मुलींना बंद होते. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन येथे मारिया पेपे ही मुलगी स्थानिक संघातून तीन सामने खेळली. ‘लिटल लीग’ने गावाच्या लीगची मान्यताच काढून घेण्याचा इशारा दिल्यावर तिला बाहेर पडावे लागले. महिला संघटनेने हे प्रकरण लावून धरले. १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागातील अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला, तो पुढे न्यायालयात टिकला आणि १९७४ मध्ये ‘लिटल लीग’ला नियम बदलावा लागला.

तोवर मारियाचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. तिने दार उघडले, आत मात्र दुसऱ्या मुली गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी अमांडा पडद्यावर आली. चित्रपट त्यावर भाषण देत नाही. संघातली मुले आधी नाक मुरडतात, मग तिने फेकलेले चेंडू पाहून गप्प बसतात.

विनोदी चित्रपटात गंभीर काय आहे?

या चित्रपटात वाईट माणूस शोधायला गेले की पंचाईत होते. यांकीजचा प्रशिक्षक रॉय टर्नर उद्धट आहे, पण हळूहळू बटरमेकरही त्याच्यासारखाच होत जातो. जिंकण्याची चटक लागल्यावर तो एका मुलाला मुद्दाम चेंडू अंगावर घ्यायला सांगतो, कारण चेंडू लागला की फुकट बेस मिळतो. केलीला तो बजावतो, की दुसऱ्याकडे जाणारे झेलही तूच घे. त्यामुळे बाकीची पोरे केलीवर चिडतात. अमांडाचा हात दुखतो आहे हे दिसत असूनही तो तिला फेकायला लावतो.

अंतिम सामन्यात टर्नरचा स्वतःचा मुलगा यांकीजसाठी चेंडू टाकत असतो. वडिलांचे न ऐकता तो बेअर्सच्या फलंदाजाच्या डोक्याच्या रोखाने चेंडू फेकतो. टर्नर भर मैदानात त्याला थप्पड मारतो. पुढचा चेंडू टोलवला गेल्यावर तो मुलगा चेंडू हातात घट्ट धरून उभा राहतो. बेअर्सचा फलंदाज सगळे बेस फिरून परत येतो, तरी तो चेंडू सोडत नाही. मग वडिलांच्या पायाशी चेंडू टाकून मैदानाबाहेर निघून जातो. चित्रपटातला हा सर्वात शांत प्रसंग आहे.

बटरमेकर हे पाहतो आणि त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. तो सामना जिंकता येण्यासारखा असताना राखीव पोरांना मैदानात उतरवतो. संघातलेच काही जण, मुलांचे पालक आणि पैसे देणारे नगरसेवकही भडकतात. ल्युपसकडे चेंडू येतो आणि आश्चर्य म्हणजे तो झेल घेतो. बेअर्स ७-६ असे हरतात. शेवटी यांकीज मोठेपणाच्या थाटात माफी मागतात, तेव्हा बेअर्सचा तो बुटका पोरगा त्यांना चषकासह धुडकावून लावतो आणि ल्युपस पुढच्या वर्षीचे आव्हान देतो. ‘कच्चा लिंबू’ म्हणून मिळणारी सवलत आता त्यांना नको असते. त्यांना मोजले जायला हवे असते.

याचा वऱ्हाडाशी संबंध काय?

वऱ्हाडाला क्रीडा प्रशिक्षणाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याचे पुढे शारीरिक शिक्षणाच्या मोठ्या संस्थेत रूपांतर झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शाळाशाळांतले अनेक ‘पीटीचे सर’ आणि ‘पीटीच्या मॅडम’ याच मंडळाच्या महाविद्यालयात शिकले. अकोल्याची ओळख मुष्टियुद्धासाठी आहे, तिथे या खेळाची शासकीय क्रीडा प्रबोधिनी आहे. क्रिकेटमध्ये अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघापर्यंत पोहोचला आहे.

ही झाली वर पोहोचलेल्यांची गोष्ट. चित्रपटाचा प्रश्न मात्र खालच्या टोकाचा आहे. ज्याला वर जायचेच नाही, नुसते खेळायचे आहे, त्या मुलाचे काय? शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. प्रत्येक पायरीवर हरलेला संघ बाहेर पडतो. म्हणजे तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या शाळेचा त्या वर्षीचा स्पर्धात्मक खेळ बहुधा एका दुपारीत संपतो. चित्रपटातली पोरे मात्र लीगमध्ये आहेत. पहिला सामना २६-० ने हरूनही त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरता येते. बेअर्स सुधारतात, कारण त्यांना हरल्यानंतरही खेळायला मिळते. स्पर्धेची ही रचनाच नसती, तर चित्रपट पंधराव्या मिनिटाला संपला असता.

मैदान आणि शिक्षक यांबद्दल कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त विद्यार्थी असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी मैदान ही चैन नाही, फळा आणि खडूसारखीच ती गरज आहे. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की सर्वात आधी कापला जातो तो खेळाचा तास. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या सरांनी हा तास ‘मागून घेणे’ हा मराठी शाळेतला जुनाच रिवाज आहे.

मग मुले खेळतात ती प्रमाणपत्रासाठी?

राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा कामगिरीसाठी सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शेती बेभरवशाची आणि नोकऱ्या कमी असलेल्या वऱ्हाडात या तरतुदींचे मोल मोठे आहे. एखाद्या मुलीला खेळामुळे पोलीस दलात किंवा शासकीय कार्यालयात जागा मिळाली, तर घराचे चित्र पालटते. त्यामुळे पालक आणि प्रशिक्षक निकालाच्या मागे लागले तर त्यांना दोष देता येत नाही.

पण याच तरतुदींमुळे मैदानावरचा ताणही वाढतो. जिंकले तरच गुण, गुण मिळाले तरच उपयोग, असा हिशेब सुरू झाला की राखीव बाकावरच्या मुलाला शेवटची दहा मिनिटे खेळवण्याचे धाडस प्रशिक्षक करत नाही. चित्रपटातल्या पालकांना फक्त चषक हवा असतो. इथे चषकामागे गुण आणि नोकरी असते. म्हणून बटरमेकरचा तो निर्णय अमेरिकेपेक्षा आपल्याकडे घेणे अधिक अवघड आहे.

यावर नियमांचा उपाय आहे का?

‘लिटल लीग’ने काही गोष्टी प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठेवलेल्या नाहीत. तिथे सर्वसाधारणपणे संघातल्या प्रत्येक मुलाला किमान सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. २००७ पासून मुलांनी एका दिवसात किती चेंडू फेकायचे यावरही वयानुसार मर्यादा आहे. ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा ८५ चेंडूंची. वाढत्या वयात एकच हालचाल हजारदा केल्याने खांदा आणि कोपर कायमचे दुखावू शकतात, हे त्यामागचे कारण. आजच्या नियमांत बटरमेकरला अमांडाकडून इतके चेंडू टाकून घेता आले नसते.

असे नियम करायला मोठा निधी लागत नाही. शाळांतर्गत किंवा तालुका स्तरावर बाद फेरीऐवजी साखळी सामने ठेवणे आणि प्रत्येक राखीव खेळाडूला ठरावीक वेळ मैदानात उतरवणे, या दोन गोष्टी एखादी शाळाही आपल्या पातळीवर सुरू करू शकते.

विदर्भात असे प्रत्यक्ष कुणी केले आहे का?

अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नागपुरात हा प्रयोग झाला आणि तो देशाबाहेर गाजला. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. तिथली मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोहोचली. २०१६ मध्ये संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

याच कामावर नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट केला. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली आणि संघातली बरीच पोरे नागपूरच्या वस्त्यांमधूनच निवडली गेली. ‘बेअर्स’ आणि ‘झुंड’ शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. बेअर्सना वगळले जाते ते खेळ येत नाही म्हणून. झुंडमधल्या मुलांना खेळ येतो, त्यांना अडवते ती जात, गरिबी आणि पासपोर्टसाठी लागणारी कागदपत्रे. त्यांच्या आणि मैदानाच्या मध्ये एक भिंत आहे. म्हणून पहिला चित्रपट हसवत जातो आणि दुसरा हसवता हसवता गळ्याशी येतो. हिंदीत याआधी प्रकाश झा यांनी ‘हिप हिप हुर्रे’ या १९८४ च्या चित्रपटात शाळेतल्या फुटबॉलची आणि तात्पुरत्या क्रीडा शिक्षकाची गोष्ट सांगितली होती, तिची पटकथा गुलजार यांची. २००७ चा ‘चक दे! इंडिया’ तर सर्वांनाच पाठ आहे. फुटलेला संघ आणि डागाळलेला प्रशिक्षक हा साचा आपल्याला परका नाही. मात्र शेवटी संघ हरला तरी चालेल, हे म्हणण्याची हिंमत आपल्या पडद्यावर विरळा.

आज पाहताना काय खटकते?

बरेच काही. मुलांच्या तोंडी वांशिक शिव्या आहेत, प्रशिक्षक मुलांसमोर सर्रास पितो, गाडी चालवतानाही पितो आणि शेवटच्या प्रसंगात मुलांच्या हातीही बिअर येते. ‘मुलांचा सिनेमा’ समजून तो घरातल्या लहानग्यांसमोर लावू नये. तो मुलांविषयीचा, पण मोठ्यांसाठीचा चित्रपट आहे. त्या काळच्या अमेरिकी उपनगरांत मुलांना जे ऐकू येत होते, तेच ती बोलतात. चित्रपट त्यांना शहाणे करण्याच्या भानगडीत पडत नाही.

शहाणे होण्याची जबाबदारी तो मोठ्यांवर टाकतो, आणि पन्नास वर्षांनंतरही तो जुना न वाटण्याचे हेच कारण. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहून पोराला ‘मार रे, मार!’ म्हणून ओरडणाऱ्या बापाने, आणि शिट्टी हातात धरून राखीव बाकाकडे न पाहणाऱ्या प्रशिक्षकाने तो एकदा पाहायला हरकत नाही.